जानेवारीत गळणारं छप्पर

"साहेब, छप्पर गळतंय," सुमनवहिनी म्हणाल्या.

जानेवारी चालू होता. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी हसलो.

"वहिनी, पाऊस कुठाय?"

"तेच तर विचारायला आलेय. सकाळी माळ्यावर गेलं की अंगावर थेंब पडतात."

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी नाशिकमध्ये एका कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होतो. वय सत्तावीस. वहिनींच्या घराचं काम मी सहाच महिन्यांपूर्वी पुरं केलं होतं, आणि ते चांगलं झालं असं माझं ठाम मत होतं.

घर साधंच. दोन खोल्या, वर पत्रा, पत्र्याखाली लाकडी फळ्यांचा माळा. पण त्या माळ्यावर वहिनींच्या सासऱ्यांचं, साळवे अण्णांचं, सगळं आयुष्य होतं. अण्णा फोटोग्राफर. वणीच्या यात्रेत आणि कळवणच्या बाजारात पडदा लावून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लोकांचे फोटो काढले. प्रत्येक निगेटिव्ह जपून ठेवली. निगेटिव्ह हातात असली की त्यावरून पुन्हा कधीही फोटो छापता येतो. कागदी पाकिटात एकेक फिल्म, पाकिटावर नाव आणि गाव. अशी पाकिटं रॅकवर खच्चून भरलेली. घरातलं माणूस गेलं की लोक अण्णांना शोधत येत. खेड्यापाड्यांतल्या कित्येक घरांत माणसाचा आयुष्यात एकच फोटो निघालेला असे, तोही अण्णांनी काढलेला.

पावसाळ्यात या माळ्यावर झड येई. दोन्ही बाजूंच्या भिंतींत वर झरोके होते, शिवाय पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट. वारा सुटला की पाणी थेट रॅकपर्यंत. मी पाहणी केली आणि झरोके, फटी, सगळं विटा-सिमेंटनं बंद करायचं ठरवलं.

आमचा हरी गवंडी पेठकडचा. तो थापी हातात धरून थांबला.

"साहेब, सगळंच नका बुजवू. वारं कुठनं जाईल?"

मी ऑफिसात आमच्या साहेबांना, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरना, विचारलं. ते म्हणाले, "क्लायंटला काय नकोय?"

"पाणी."

"मग पाणी बंद कर. वाऱ्याचं कोणी बोललंय का?"

झरोके बुजले. उरलेला पावसाळा माळा कोरडाठाक राहिला. अण्णांनी मला घरी बोलावून चहा पाजला, माझा फोटोही काढला. माझी छाती फुगली.

आणि आता जानेवारीत वहिनी समोर उभ्या होत्या.

"नवीन सिमेंट आहे, वहिनी. त्यातली ओल निघते हळूहळू. दोन महिने जाऊ द्या."

"पण अण्णांची पाकिटं..."

"वर रोज तासभर रॉकेलचा स्टोव्ह पेटवून ठेवा. वाळेल सगळं. फक्त कोणीतरी जवळ बसा."

त्या गेल्या. मी जागेवरून उठलोसुद्धा नाही.

फेब्रुवारीत त्यांचा नवरा, प्रकाश, सातपूरला कारखान्यात शिफ्टला जाता जाता सायकल थांबवून सांगून गेला. "साहेब, वास यायला लागलाय वर. एकदा बघून जा."

"रविवारी येतो," मी म्हणालो. सातपूरलाच एका शेडचं काम अडकलं होतं. तो रविवार गेला, पुढचाही गेला.

मी गेलो तो मार्चमध्ये. शिडीवरून डोकं वर काढलं आणि नाकात कुबट वास भरला. पत्र्याच्या आतल्या बाजूला गंजाचे ओघळ होते. भिंतीवर काळी बुरशी. अण्णा फळ्यांवर बसले होते, भोवती पाकिटं पसरलेली. कितीतरी पाकिटं एकमेकांना चिकटून त्यांचे ठोकळे झाले होते.

"जय भीम, साहेब. या, बसा," ते म्हणाले. एवढंच.

खाली स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि फळ्यांच्या फटीतून वाफ वर आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाली भात शिजत होता, मोरीत बंबात पाणी तापत होतं. ती सगळी वाफ वर येत होती. पूर्वी ती झरोक्यांतून निघून जाई. आता अडकत होती. थंडीच्या दिवसांत पहाटे पत्रा गार पडलेला असे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसा पत्र्याला आतून घाम येत होता. तेच वहिनींच्या अंगावर पडणारे थेंब. आणि रॉकेल जळतं तेव्हा त्यातूनही वाफच निघते. हे मी शिकलो होतो. म्हणजे ओल घालवायला मी रोज तासभर आणखी ओल करायला सांगितली होती.

अण्णांनी एक फिल्म उजेडात धरली. फिल्मवर चित्र ज्या थरात असतं तो सरसासारखा असतो. बुरशीला तो आवडतो. पडदा दिसत होता, खुर्ची दिसत होती. खुर्चीवरचा माणूस नव्हता.

"अण्णा, चूक माझी आहे," मी म्हणालो.

त्यांनी ती फिल्म पाकिटात घातली आणि दुसरं पाकीट उचललं. "सुमन म्हणत होती मला, स्टोव्हनं काही वाळत नाही. मीच तिला म्हणालो, साहेबांनी सांगितलंय, शिकलेला माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी हरीला घेऊन गेलो. झरोके फोडले. पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्या बसवल्या, आतून जाळी. दोन दिवसांचं काम. हे पहिल्यांदाच करता आलं असतं. हरी एका शब्दानंही बोलला नाही, मला मात्र त्यानं चार शब्द सुनावावेत असं वाटत होतं.

काम चालू असतानाच वणीकडची एक बाई शिडी चढून वर आली. पन्नाशीची असेल.

"अण्णा, लय वर्सांमागं तुम्ही यात्रेत फोटू काढला व्हता. मी आन माझा पोरगा. पोरगा तवाच गेला, त्याच सालात. फोटू वाळवीनं खाल्ला."

अण्णांनी नाव विचारलं, गाव विचारलं. पाकीट सापडलं. त्यांनी फिल्म झरोक्याकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"बाई, तुमचा चेहरा येतोय. पोराचा नाही येत. खराब झालाय."

ती फिल्मकडे वाकली. मग तिनं विचारलं, "आजिबात काय नाय त्याचं?"

"हात आहे. तुमच्या हातात धरलेला."

"मंग तेवढा द्या काढून."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. जाळी सरळ बसली आहे की नाही ते बघत राहिलो.

अण्णांनी तो फोटो छापून दिला. पुढे महिनाभर रविवारी जाऊन मी त्यांच्याबरोबर पाकिटं सोडवत बसायचो. सुमारे निम्म्या फिल्म वाचल्या. आमच्या साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपण पावसाच्या पाण्याची हमी दिली होती, वाफेची नाही." ते बरोबरच होतं.

त्यानंतर मी बरीच वर्षं बांधकामात काढली. ओल कशी येते, वारा कसा खेळवायचा, हे सगळं पुस्तकात असतं, आणि पुस्तक मी तेव्हाही वाचलेलं होतं. सुमनवहिनी ऑफिसात आल्या त्या दिवशी त्यांचं घर सायकलनं दहा मिनिटांवर होतं. तक्रार आली की आधी जाऊन बघावं, मग कारण सांगावं.