नानांच्या मांडीवरचं गाठोडं

गेल्या महिन्यात लेकीला सुट्टी लागली तशी पुण्याहून धुळ्याला गेले, नानांना गाडीत बसवलं आणि थेट आग्र्याचा रस्ता धरला. मी, माझी दहा वर्षांची सई आणि माझे वडील. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, आग्रा… एक्सेल शीटमध्ये सगळं आखलेलं होतं.

खरं तर ही ट्रिप आईची. धुळ्यात आग्रा रोड नावाचा बाजाररस्ता आहे, तिथे तिने जन्मभर भाजी घेतली. "आग्रा रोड पाठ झाला, आता आग्रा दाखव," म्हणायची. मी दरवर्षी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत नक्की… आणि मागच्या थंडीत ती गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

नाना ट्रक ड्रायव्हर. पस्तीस वर्षं याच हायवेवर गेली. त्यामुळे मी स्टिअरिंगला आणि ते शेजारी म्हणजे परीक्षाच होती. सेंधव्याच्या घाटात मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय आपोआप क्लच दाबायचा. सई मागे बसून खुदुखुदु हसायची.

त्यांच्या मांडीवर एक गाठोडं होतं. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्यात काहीतरी गोल, गुंडाळलेलं. डिकीत ठेवते म्हटलं तर म्हणाले, "राहू दे, मांडीवर बरं शे." मला वाटलं पाण्याचं मडकं असेल. फ्रीजचं पाणी त्यांना चालत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हातारपणाचे हट्ट, म्हणून मी सोडून दिलं.

इंदूरचा राजवाडा बघताना त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांच्या इंदूरमध्ये राजवाडा नव्हताच, ट्रान्सपोर्ट नगर होतं आणि एक टायरवाला सरदारजी होता. उज्जैनला दर्शन झालं, तिथे मात्र फार वेळ हात जोडून उभे राहिले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कठड्याला टेकून खालचा रस्ता शोधत होते. "खालतून गंज डाव दखा," म्हणाले, "वर काय शे ते आज समजनं." गंज डाव दखा म्हणजे पुष्कळ वेळा पाहिलं. इतकी वर्षं शहरांच्या पायाशी गाडी लावून झोपलेला माणूस!

आग्र्याला सकाळी ताजच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मी तिकिटांसाठी फोन काढला, तर चुलतबहिणीचा मेसेज. आखाजीच्या शुभेच्छा.

मी मेसेज पुन्हा वाचला.

आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावाने उंबऱ्यापाशी पाण्याची घागर भरतात, उंबऱ्यावर एकेकाच्या नावाचं कुंकवाचं बोट ओढतात. आईची ही पहिली आखाजी होती. पहिली घागर. आणि मी, तिची एकुलती एक लेक, हॉटेलचं रेटिंग बघून तारखा ठरवून बसले होते!

आखाजीची तारीख मला कधी लक्षात ठेवावीच लागली नव्हती हो. आठ दिवस आधी आईचा फोन यायचा. यंदा फोन आला नाही, म्हणून सणच आला नाही असं मी धरून चालले…

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत?"

"तू किती हौसमा तारखा लिख्यात. आनि तुनी मायले आग्राच दखनं व्हतं."

एवढं बोलून त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. आत घागर होती. मातीची, कोरी करकरीत. धुळ्यापासून आठशे किलोमीटर त्यांनी ती मांडीवर आणली होती, खड्ड्याखड्ड्याला दोन्ही हातांनी धरून. आणि मी ग्वाल्हेरला त्यांच्यावर वैतागले होते, जेवताना तरी ते गाठोडं खाली ठेवा म्हणून.

"पण उंबरा?" मी विचारलं. घागर घराच्या उंबऱ्यावर भरतात, पार्किंगमध्ये नाही. ते खाली उतरले, गाडीचं दार पूर्ण उघडलं आणि पाय ठेवून चढतो त्या पत्र्याच्या कडेवर हात ठेवला.

"मना उंबरा हाऊच. जलम गाडीमाच गया."

बाटलीतल्या पाण्याने घागर भरली. फळवाल्याच्या गाडीवरून सईने खरबूज आणलं, ते रीतीप्रमाणे घागरीवर ठेवलं. नैवेद्याची सांजोरी कुठली मिळायला, म्हणून आग्र्याचा पेठा. नानांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि त्या पत्र्यावर एक बोट ओढलं… आईचं. मग अगदी हळू, गाव आलं की शेजारी झोपलेल्या माणसाला उठवावं तसं म्हणाले,

"आग्रा उनं वं… उतर खाले."

मी भर पार्किंगमध्ये हमसून हमसून रडले. सईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

घागर नानांनी तिथल्याच म्हाताऱ्या वॉचमनला दिली, उन्हाळाभर पाणी प्यायला. मग आम्ही ताज पाहिला. सुंदर आहे. आईला आवडला असता.

परतताना नानांच्या मांडीवर काहीच नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे त्यांना पार इंदूरपर्यंत कळत नव्हतं. शेवटी मी गाडी कडेला घेतली आणि ते हिरवं लुगडं घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पुढच्या आखाजीला मी धुळ्यात आहे, आई. तारीख बघून ठेवलीय… तुझा फोन आला नाही तरी.