शनिवारचे डॉक्टर

मास्तरच्या कोटाच्या खिशात खडूचे तुकडे साठतात, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही. कोट धुवायला काढला की बायको ओरडते, "अहो, हे काय!" तेव्हा कळतं. माझ्या खिशातले बरेचसे तुकडे लढाई संपली त्या सालचे. कोरेगावपासून पाच-सहा मैलांवरची आमची लोकल बोर्डाची शाळा, तिथले आम्ही तिघं मास्तर, आणि महिन्यातल्या एका शनिवारी सांगलीहून येणारे एक डॉक्टर.

डॉक्टर का यायला लागले, ते आधी सांगतो. त्यात चूक माझी आहे, आणि ती झाकून पुढं जाणं मला जमणार नाही.

गावचं टपाल शाळेतच यायचं, पोस्टमास्तर मीच. निम्मं गाव पलटणीत, त्यामुळे दुपारी टपालवाला आला की शाळेचा व्हरांडा बायाबापड्यांनी भरायचा. पत्रं वाचून दाखवायला मी चौथीतली पोरं बसवायचो. पोरांचं वाचन सुधारतं, गावाचं काम होतं, आणि मास्तरच्या घशाला आराम!

हौसा त्यात पहिली. बाप बर्मात, घरी आई आणि आजा. एका दुपारी तिच्याच घरचं पत्र आलं. मी ऐटीत म्हणालो, "हौसा, तुझ्या आबाचं पत्र हाय. तूच वाच, मोठ्यानं!"

पत्र आबाचं नव्हतं, आबाबद्दल होतं. पलटणीच्या कचेरीनं पाठवलेलं, तिचा बाप लढाईत पडल्याचं. पोरगी एक अक्षर न चुकता शेवटपर्यंत वाचत गेली, आणि 'थांब' म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून हौसा बोलायची बंद झाली. शाळेत नाही, घरी नाही. पोरांकडून पत्रं वाचून घेणं मी तेव्हाच थांबवलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आजा म्हणाला, "मास्तर, देवरुषी झाला, भगत झाला. आता तुमीच सांगा."

हिला बोलती केल्याशिवाय गप्प बसायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

*

सुटीवर आलेल्या एका जवानाकडून पत्ता लागला. आष्ट्याकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, लढाईत पलटणीचा डॉक्टर होता, आता सांगलीत दवाखाना घालून बसलाय. तोफेच्या आवाजानं वाचा गेलेले गडी त्यानं बोलते केलेत! मी रविवारची गाडी धरून सांगली गाठली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मुलीला इथं आणू नका, मीच येतो. शाळेत आणखी कोणी आहे असं?"

"न्हाई हो. बाकीची पोरं एकदम ठीक हायत!"

"कशावरून?"

"गप बसत्यात की!"

डॉक्टरांनी शनिवारची तारीख वहीत टिपली. मग म्हणाले, "सगळ्यांनाच बघावं लागेल."

*

आमचे हेडमास्तर बापूसाहेब हबकले. "मनाचा डॉक्टर म्हटलं की पोरांवर येडेपणाचा शिक्का बसंल. एक पोर यायचं न्हाई." म्हणून आम्ही गावात एवढंच सांगितलं, की शनिवारी पलटणीतले डॉक्टर तपासायला येणार आहेत.

शनिवारची सकाळची शाळा. मी डॉक्टरांना सायकलवर डबलसीट घेऊन आलो, तर अंगणात तीस-चाळीस तरणे गडी सदरे काढून, छात्या फुगवून रांगेत उभे! भरती पुन्हा सुरू झाली, असं गावानं धरलं होतं.

मी हात जोडून सांगितलं, "गड्यांनो, भरती न्हाई. पोरांच्या डोक्यात काय चाललंय, ते डॉक्टर बघणार हायत."

पेन्शनीतले हवालदार तात्या पुढं झाले. "आवं डॉक्टर, डोकं कशाला बघताय? बावीस वर्सं काडली म्या पल्टनीत. तितं ते कवा लागलंच न्हाई!"

*

शंकर नावाच्या पोराचं रोज पोट दुखायचं. ओवा झाला, हिंग झाला. डॉक्टर त्याला घेऊन लिंबाखाली अर्धा तास गप्पा मारत बसले.

ते परत आल्यावर मी विचारलं, "पोटात काय निघालं?"

"काही नाही. गणिताच्या तासालाच दुखतं."

गणित मी शिकवायचो. छडी टेबलावरच होती.

"मग औषध?"

"आहे ना. पुढच्या खेपेला शंकरला नका पाठवू. तुम्ही या!"

बाकीचे दोघं मास्तर महिनाभर मला बघून पोट धरायचे. मी मात्र गेलो. कडू औषध प्यायल्यासारखं डॉक्टरांचं सगळं ऐकलं आणि छडी घरी नेऊन चुलीत घातली.

*

हौसाबाबत डॉक्टरांचा हुकूम एकच होता. तिला बोल म्हणायचं नाही, वाच म्हणायचं नाही. स्वतः तिच्याशेजारी बसायचे, चिंचोके खेळायचे आणि अवाक्षर काढायचे नाहीत. असे तीन शनिवार गेले.

आजा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, आमची एक मुकी हुती. आता तुमचा डॉक्टर बी लागला की तिच्या नादाला!"

मलाही दम निघत नव्हता. "डॉक्टर, कधी बोलेल ही?"

"घाई तुम्हाला आहे. तिला नाही."

*

घाई शाळाखात्याच्या डिपोटी साहेबांनाही होती. शाळा तपासायला आले, हौसापुढं थांबले. "ही बोलत का नाही? पुढच्या महिन्यात मी तोंडी परीक्षा घेईन. वाचलं नाही, तर नाव कमी करा."

बापूसाहेबांनी उभ्या नोकरीत साहेबाला 'होय' सोडून दुसरा शब्द ऐकवला नव्हता. ते म्हणाले, "होय साहेब."

मला इतका संताप आला! पण साहेब वळले, तसे बापूसाहेब पुढं बोलले, "फक्त तिच्याआधी माझं नाव कमी करा."

*

तोंडी परीक्षेचा दिवस. साहेब खुर्चीत, हौसापुढं पुस्तक उघडलेलं. तिचे ओठ मिटलेले. साहेबांनी दोनदा सांगितलं, "वाच." मग त्यांनी टाक शाईत बुडवला.

तेवढ्यात टपालवाला आला. एकच पत्र, पलटणीच्या कचेरीचं, व्हरांड्यात थांबलेल्या सोनाकाकूच्या नावाचं. तिचा नवरा अजून परतला नव्हता. काकूनं लखोटा बघितला आणि खांबाला धरून खालीच बसली.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, आधी ते बघा."

मी लखोटा फोडला. कागद उलगडला, पण वाचायचा धीर होईना. एकदा माझ्या हातून झालं होतं, ते पुन्हा होणार, एवढंच डोक्यात.

हौसा जागची उठली. माझ्या हातातून कागद घेतला. ओळीवर बोट ठेवून, तोंड मिटून, सावकाश शेवटपर्यंत वाचला. उलटा करून मागची बाजू बघितली. मग सोनाकाकूजवळ मांडी घालून बसली.

"काकू, रडू नगा. काका खुशाल हायती. आता मोट्यानं वाचते."