दाजींनी पाडलेली खाच

चालत्या वस्तूला सुखानं चालू द्यायचं नाही, हे आमच्या दाजींचं जन्माचं व्रत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सोलापुरात भवानी पेठेत त्यांच्या दोनच खोल्या, पण त्या दोन खोल्यांतल्या येरझाऱ्या सरळ रस्त्यावर घातल्या असत्या तर रोज बार्शी गाठली असती. जेवताना चारदा उठतात. एकदा पंख्याचा आवाज नीट ऐकायला, एकदा नळ बंद आहे का बघायला, आणि उरलेले दोनदा कशाला ते त्यांनाही सांगता येत नाही. अक्काचा मिक्सर ‘जरा कण्हतोय’ म्हणून त्यांनी उघडला. आता तो कण्हत नाही. काहीच करत नाही. अक्का शेंगाचटणी खलबत्त्यात कुटते आणि दाजी वर ऐकवतात, “मिक्सरला ही चव आली असती का? माझे उपकार मान की.” मी यायची म्हटलं की अक्काचा आधी फोन येतो, “हातातलं घड्याळ घरीच ठेवून ये गं.”

माणूस मात्र कसबी. सगळी नोकरी चादरींच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेली. पूर्वी नक्षी चौकोन आखलेल्या कागदावर रंगवायची आणि तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्यांना पत्ते म्हणतात. मागावर चढवले की भोक असेल तिथलं सूत वर उचललं जातं. पुढं कॉम्प्युटर आला, दाजी तोही शिकले, आणि निवृत्त होताना मालकांनी तोच जुना डबा त्यांना देऊन टाकला. त्या डब्यात एक नक्षी होती, कधीच न विणलेली. काठाला ज्वारीची कणसं. आमचं माहेर जेऊरकडचं, जिकडंतिकडं ज्वारीची रानं. पेठेत संसार करून अक्काचे केस पिकले तरी तिचं बोलणं ‘आमच्या रानात’ असंच सुरू होतं, म्हणून दाजींनी ती काढलेली. मालकांनी तेव्हा हसून बाजूला सारली होती, “ज्वारी लोक खातात हो, पांघरत नाहीत.”

गेल्या वर्षी कारखान्यातला पत्त्यांवर चालणारा शेवटचा माग भंगारात निघाला. त्याच मालकांचा निरोप आला, शनिवारी माग उचलणार आहेत, त्याआधी तुमच्या ज्वारीची एक चादर विणून घ्या. नक्षी बघून पत्ते पाडायचे म्हणून दाजींनी लगेच कॉम्प्युटर लावला. नक्षी अर्धी उघडायची आणि डबा गोठायचा. मेमरी कमी पडतेय, हे त्यांनी बरोबर ओळखलं. दुकानदारानं नीट समजावलंही, “काका, तुमचा बोर्ड लई जुना हाय. त्याच्या जातीची मेमरी आता जुन्या मालात हुडकावी लागंल, आठ दिवस थांबा. ही नवी बसायची न्हाय. हिची खाच बघा, दुसरीकडंच हाय.”

थांबा म्हटल्यावर थांबले तर ते दाजी कसले. नवीच घेऊन आले. त्या दिवशी मी तिथंच होते.

“दाजी, तो नको म्हणाला ना?”

“त्यो विकणारा माणूस. आमी जन्मभर भोकं पाडली. पत्त्यात एखादं भोक चुकलं तर काय माग बदलायचो व्हय? चुकलेलं बुजवायचं, शेजारी नवं पाडायचं.”

आणि त्यांनी कानस घेऊन मेमरीच्या त्या इवल्याशा हिरव्या पट्टीला पाहिजे तिथं नवी खाच पाडली. बसली की हो. अगदी मापात बसली. दाजींनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर दोनदा ओरडला, मग काहीतरी जळाल्याचा वास सुटला.

“आता काय भाजताय?” आतून अक्कानं विचारलं.

दुकानदारानं डबा तपासला. बोर्ड गेला होता. “नक्षी आत सुखरूप हाय काका, पण ती उघडायचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालायचा न्हाय.”

त्यानंतर दाजी दोन दिवस एका जागी बसले. मी घाबरलेच. बसले ते चौकोनांचा कागद पुढ्यात घेऊन, आठवून आठवून कणसं भरत. खोडायचे, पुन्हा भरायचे. तिसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन स्वतः पत्ते पाडले. शुक्रवारी संध्याकाळी चादर मागावरून उतरली. शनिवारी टेम्पो आला आणि माग घेऊन गेला.

चादर देखणी झाली आहे. अक्का दुपारी तीच घेऊन पडते. पण दाजींना चैन नाही. मूळ नक्षीत कणीस किंचित वाकलेलं होतं, म्हणतात, हे सरळ उभं राहिलंय. कुठंतरी दोन चौकोन चुकलेत. ताडून बघायला मूळ नक्षी कुठाय? येईल त्याला काठ दाखवतात. परवा मी गेले तर अक्काचा डोळा लागला होता आणि दाजी पायाशी बसून, चादरीचा काठ हळूच हातात धरून, बोटानं चौकोन मोजत होते.

“दाजी, झोपू द्या की तिला.”

“झोपू दे की. मी कुटं उठवतोय.”

अक्कानं डोळे मिटलेलेच ठेवून कूस बदलली. काठ दाजींच्या हातून निसटला. मोजणी कुठवर आली होती ते विसरले बहुतेक. काठ परत हातात घेतला आणि पहिल्या कणसापासून पुन्हा सुरुवात केली.