विलायती घराचा कळस

जांभ्या चिऱ्याच्या कामात माझ्याशी वाद घालायला रत्नागिरीत कोणी धजत नसे, आणि मीही कोणाला काही विचारायला जात नसे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांतली गोष्ट. वाडीतल्या एका खलाशाने मला घर बांधायला सांगितले. बोट विलायतेला लागली असताना तो तापाने पडला होता, आणि तिथल्या एका खेड्यात, एका म्हातारीच्या दगडी घरात त्याने हिवाळा काढला होता. ते घर त्याने आठवून आठवून कागदावर काढले होते.

“हुबेहूब असंच हवं, मिस्त्री,” असे बजावून तो पुन्हा बोटीवर गेला.

कागद पाहून मला हसू आले. पडवी नाही, आणि छप्पर इतके आखूड की पागोळ्या थेट भिंतीवर. मी छप्पर हातभर पुढे काढले, पडवी घातली. चिरा एक उन्हाळा वाऱ्यावर ठेवून घट्ट होऊ दिला. दीड हात जाडीच्या भिंती घेतल्या आणि सांधे असे बसवले की गिलाव्याची गरजच पडली नाही. आजही त्या भिंतींचा मला अभिमान आहे.

कागदावर माजघराच्या भिंतीत जमिनीपासून छातीएवढा उंच कोनाडा होता, वर दगडी फळी. नेमका त्याच्याच डोक्यावर, छपराबाहेर, एक चौकोनी खांब.

“वहिनी, हा देव्हारा,” मी खलाशाच्या बायकोला सांगितले.

“आणि वरचा तो कळस असणार,” त्या म्हणाल्या.

घराला कळस नसतो हे मला ठाऊक होते, पण तिकडची रीत असेल म्हटले. खांब भरीव बांधला, वर घडीव कळस बसवला. वहिनींनी पूजा सांगून देव मांडले.

पुढच्या वैशाखात खलाशी परतला. पडवीला त्याने मान डोलावली. कोनाड्यापुढे मात्र वाकून तो आत वर पाहू लागला.

“मिस्त्री, धूर कुठनं जायचा?”

“कसला धूर?”

“ह्यात लाकडं जळतात रे. वरचं ते धुराडं. म्हातारीनं ह्याच्यापुढं निजवून मला जगवलान.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. “उद्याच फोडतो,” मी म्हणालो, “माझ्या खर्चानं.”

“देव बसलेत तिथं,” वहिनी हळूच म्हणाल्या.

त्याने दोघांकडे पाहिले. मग बायकोला समई जरा पुढे घ्यायला सांगितले, मांडी घालून बसला आणि शेकायला धरतात तसे दोन्ही तळवे ज्योतीपुढे धरले. बाहेर ऊन रणरणत होते, आम्ही तिघेही घामाने भिजलो होतो.

“येते रे ऊब, मिस्त्री,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.