गाडीच्या पुस्तकातलं स्वच्छ पान

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. आमचे हे पलटणीबरोबर सरहद्दीवर, मुलगी पाचगणीच्या शाळेत वसतिगृहात, आणि साताऱ्याच्या घरात मी, सासूबाई आणि एक जुनी काळी गाडी. गाडी ह्यांनी रजेवर असताना सांगलीच्या एका दलालाकडून घेतली होती. लग्नाआधी माझ्या सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या या माणसाने गाडी आधी कुणाची होती एवढंसुद्धा विचारलं नाही. मला चालवायला शिकवलं आणि निघून गेले.

गाडी महिनाभरात रुसली. आमच्या पेठेत एक म्हातारे मुसलमान मिस्त्री होते, हाताला चांगले. ते म्हणाले, "वैनी, या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मिळतंय. इंग्रजीत असतंय, तुमी वाचा, मी पाना फिरवतो."

"कुठलं घेऊ?"

"नवं नगा घेऊ. छापणारा काय बी छापतोय. जुनं घ्या, आन् पानं मळल्याली बघून घ्या. ज्या पानाला तेल लागलंय ते पान खरं. कोरं दिसलं की समजायचं, त्याचा कुणाला उपयोग झाला न्हाई."

मला हे पटलं. स्वयंपाकाच्या वहीचंही तसंच असतं. सांगलीला माहेरी गेले तेव्हा रद्दीच्या दुकानात माझ्या गाडीचीच दोन पुस्तकं निघाली. एक इतकं नीटनेटकं की लायब्ररीतून पळवून आणलेलं वाटावं. दुसरं काळंकुट्ट, शिवण सुटलेलं, पानापानावर तेलाचे अंगठे. मी दुसरं उचललं. दुकानदार म्हणाला, एका घरातून गठ्ठा आला होता, वापरणारं माणूस आता नाही.

पुस्तक खरंच गुणाचं निघालं. रेडिएटर गळायला लागला, पान उघडलं, तिथे आधीच्या मालकाची बोटं उमटलेली आणि समासात पेन्सिलने बरोबरची खूण. पुढे कार्बुरेटर बिघडला. तिथेही बोटं, तिथेही खूण. मग क्लच. मी ह्यांना पत्रात लिहिलं की पुस्तक निवडावं तर मी.

क्लचचं काम झाल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आवडली नाही. गाडी पुस्तकाच्या क्रमाने बिघडत होती. एक मळलेलं प्रकरण संपलं की पुढचं. मी मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. मीही हसले, पण त्या दिवसापासून पुस्तक निजायच्या खोलीत ठेवणं बंद केलं. क्लचच्या पुढचं प्रकरण ब्रेकचं होतं. ते स्वच्छ होतं, म्हणून मी ते कधी वाचलंच नाही. ब्रेकची काही तक्रारही नव्हती.

खंडेनवमीला सासूबाईंनी पाटावर विळा, कोयती, हातोडा, गाडीचा पाना मांडला, आणि मला न विचारता ते पुस्तकही. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहाटे निघून मला पाचगणीहून मुलीला सुट्टीसाठी आणायचं होतं.

नमस्काराला वाकले तेव्हा पुस्तक उघडं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, मिटून तरी ठेवायचं.

"मी मिटूनच ठिवलं हुतं," त्या म्हणाल्या.

मी मिटलं. हात काढला तशी पानं सावकाश उलटली आणि पुस्तक पुन्हा तिथेच उघडलं. ब्रेकच्या पानावर. मी वाकून पाहिलं. तेलाचा एक ठिपका नव्हता. वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं, सासूबाईंचं ताजं नव्हे, विटकरी पडलेलं, जुनं. मधल्या खाचेत झेंडूची वाळलेली पाकळी. समासात खूण नव्हती. पेन्सिलने मराठीत एकच शब्द लिहिलेला होता.

हे पुस्तक आधीही असंच पूजेला बसलं होतं, याच पानावर उघडं.

मी पुस्तक उचललं. सासूबाई कडाडल्या, "आगं, आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या उत्तरपूजा झाली की घे. एक दीस थांबलीस तर काय बिघडंल?"

"आत्या, उद्या पहाटे घाट चढायचाय."

"काय लिवलंय तरी काय त्यात?"

मी वाचून दाखवलं, "दसऱ्यानंतर."

सासूबाईंनी वाकून ते पान बघितलं. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कुंकवाचं बोट ओळखता येत होतं. मग त्यांनी पाटावरचा पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो बी घेऊन जा," म्हणाल्या.

मिस्त्रींची हत्यारंही पेठेतल्या रिवाजाप्रमाणे हार घालून बसली होती. ते नाही म्हणणार होते. माझ्या हातातला कुंकू लागलेला पाना पाहून गाडीखाली शिरले. पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी चिरली होती. बोट लावलं तर तेल आलं. घाटात दोनचार वेळा जोरात दाबला असता तर ब्रेक गेला असता, असं ते म्हणाले.

नळी बदलून झाल्यावरही ते खालून निघेनात.

"वैनी, ही गाडी एकदा कुठंतरी दरीत खाली गेलीया. पुढचा दांडा ठोकून सरळ करून बसवलाय."

"कधी?"

"ते लोखंड न्हाई सांगत."

पुस्तकाबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. मला भीती वाटत होती, आणि ती भीती कुणाला सांगून कमी व्हावी असंही वाटत नव्हतं.

दसऱ्याला दुपारी मुलीला घेऊन पसरणी घाट उतरत होते. ती शेजारी बसून बडबडत होती, वाईत भजी खायची म्हणत होती. तिने सीटवरचं पुस्तक मांडीवर घेतलं. मी बघितलं नाही, पण ते कुठे उघडणार हे मला ठाऊक होतं.

"आई, यात दसऱ्यानंतर असं लिहिलंय. दसऱ्यानंतर काय करायचंय?"

पुढे वळण होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी अलगद मंदावली.

"काल केलं ते," मी म्हणाले. "त्या पानावर माझा तेलाचा अंगठा आहे बघ."