फोटो ओला होता तेव्हा

कादरचाचांनी मला आसरा दिला, हे आधी सांगतो. सातवीत शाळा सुटली. कोकणातून एका रस्त्याच्या कंत्राटदाराबरोबर वाशीमला आलो. त्याचं काम संपलं, तो निघून गेला, मी इथेच राहिलो. चाचांनी आपल्या फोटोच्या दुकानात घेतलं, जेवू घातलं, हातात कॅमेरा दिला. आणि त्यांच्याशी मी जे वागलो, ते आजवर कोणाला बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

चाचांना माणसांपेक्षा इमारतींच्या फोटोंचं वेड. देवळं, दर्गे, जुन्या वेशी. मोठा लाकडी कॅमेरा तिवईवर चढवला की शेजारी गवंड्याचा ओळंबा धरायचे. कॅमेरा कलला नाही तर भिंती सरळ येतात. आणि दुकानाचा एक कायदा होता. फोटो पाण्यातून काढला की ओला असतानाच दुसऱ्याने त्याची खोट सांगायची. वाळला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो, म्हणायचे. त्यांनी माझी सांगायची, मी त्यांची. मी नोकर, ते मालक — तरीही.

चार वर्षांपूर्वी, वाशीम अजून मध्य प्रदेश राज्यात होतं तेव्हा, नागपूरच्या एका गृहस्थांना पुस्तकासाठी शिरपूरच्या जुन्या देवळाचा फोटो हवा होता. खाली चाचांचं नाव छापून येणार होतं. किती हरखले होते — नवा सदरा शिवला! आम्ही दोघं बसने गेलो. एक फोटो त्यांनी काढला, एक मी.

दुसऱ्या दिवशी आधी माझा पाण्यातून निघाला. चाचांनी तो उचलून पाहिला.

"बेटा, देऊळ तं कोपऱ्यात बसलं. तू रस्त्याचाच फोटो काढून राह्यला. घरची याद येते काय तुले?"

रागाने नव्हते म्हणाले. पण मला फार लागलं — कारण ते खरं होतं. कॅमेऱ्याच्या काचेवर तो रस्ता उलटा दिसत होता, आणि त्याच्या टोकाला मला आमची खाडी दिसत होती. कालवं घेऊन ओल्या पायांनी येणारी आई. पाच वर्षं तिला पाहिलं नव्हतं. हे एका नजरेत त्यांना कसं कळलं? आणि का कळावं?

मग त्यांचा फोटो निघाला. कळस मागे कलला होता. वाऱ्याने त्या दिवशी ओळंबा ठरत नव्हता. मला ते लगेच दिसलं. त्यांची नजर अधू होत चाललीय, हेही मला ठाऊक होतं. "सांग, खोट काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही, चाचा. झकास आहे."

शिरपूर काही लांब नाही. परत जाऊन दुसरा काढता आला असता. दुसऱ्या दिवशी पार्सल बांधताना तरी बोलायचं — दोरी मीच बांधली.

पंधरा दिवसांनी फोटो परत आला. देऊळ पडतंय असं वाटतं, लिहिलं होतं. काम दुसऱ्याला दिलंय. चाचांनी फोटो उजेडात धरला, अगदी डोळ्यांजवळ नेला. मग मला विचारलं, तुले दिसलं नव्हतं काय? मी नाही म्हणालो. पुन्हा खोटं.

"मंग मीच तुले शिकवाले कमी पडलो," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकाही इमारतीचा फोटो काढला नाही. मोठा कॅमेरा मला दिला. माझ्या फोटोंची खोट अजून सांगतात — हल्ली जपून, मला लागू नये म्हणून. स्वतः काढलेला फोटो मात्र माझ्यापुढे कधी धरत नाहीत. त्यांनी एकदा, फक्त एकदा मला विचारावं म्हणून जीव किती तुटतो, कसं सांगू?

त्यांचे उपकार मी फेडणार आहे. एक दिवस त्यांना समोर बसवून हे सगळं सांगेन, कळस कुठे कलला होता ते बोट ठेवून दाखवेन. जा म्हणाले, तर जाईन.