हिरोचा हात

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी उस्मानपुऱ्यातल्या फोटोवाल्यानं कॉम्प्युटर आणला. त्यावर तो आपल्या फोटोशेजारी सिनेमातला हिरो उभा करून द्यायचा. मला तसा फोटो लई हवा होता, पण सांगायची लाज वाटायची. एकदा मालक कंपनीत गेल्यावर सासूबाईंना कसंबसं विचारलं, तर पायात चपला घालून माझ्याआधी त्याच पुढं निघाल्या.

फोटोवाल्यानं पडद्यावर हिरोला माझ्या फोटोजवळ सरकवलं. हिरोचा हात माझ्या खांद्यावर टेकला तशी मी खुर्चीतच बाजूला सरकले आणि पदर पुढं ओढला.

"ताई, तो पडद्यावर आहे," फोटोवाला म्हणाला.

"असू द्या. परका माणूस आहे. लांब उभा करा."

"मग त्याचा हात हवेत राहील की!"

सासूबाई वैतागल्या. "लाजून मरतीस नुसती! मला घाल रं मधी. माझ्या खांद्यावर ठिवू दे त्याला हात."

तो फोटो बैठकीच्या भिंतीवर लागला. पाहुणे विचारायचे, "मावशी, हा कोण?" सासूबाई ठसक्यात सांगायच्या, "ह्यो माझा धाकटा."

तेव्हापासून मी त्याच्याकडं खुशाल बघत बसायचे. दिराची कसली लाज?